माळ्यावरचं घर

खुर्चीचे चार पाय जमिनीतल्या चार खळग्यांत जाऊन बसले तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. ती खुर्ची ढकलत होती आणि नवरा दिवाणावर बसून सांगत होता, "डावीकडं घे. तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडं. अजून जरा. आता खिडकीकडं थोडी तिरपी. बास." तो बास म्हणाला आणि त्याच क्षणी खुर्ची तिच्या हातात गव्हाच्या दाण्याएवढी खाली गेली आणि घट्ट झाली. तिनं वाकून पाहिलं. ते चार वाटोळे खळगे अकरा वर्षं तिच्या फडक्याखालून जात होते. लाकडी जमीन पुसताना बोट त्यांत अडकायचं, साचलेली धूळ नखानं काढावी लागायची. कधी तिला वाटायचं, कुणाचं तरी शिवणयंत्र असेल इथं. कधी वाटायचं, लाकडातच खोड असेल. नवऱ्याला एकदा विचारलंही होतं. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला होता, "असेल काहीतरी." ते काहीतरी आता समोर उभं होतं, वेताच्या पाठीचं, रुंद हातांचं. ते इथंच राहणारं होतं. मधली अकरा वर्षं जरा माळ्यावर जाऊन आलं होतं, इतकंच.

खुर्चीचं तिला एवढं काही नव्हतं. खुर्ची म्हणजे लाकूड. पण त्यानं मोजलं नव्हतं. पट्टी मागितली नव्हती, डोळे बारीक केले नव्हते, आठवल्यासारखा चेहरासुद्धा केला नव्हता. ज्या माणसाला आपले मोजे कुठल्या खणात असतात हे रोज सकाळी विचारावं लागतं, साखरेचा डबा नाकासमोर असताना जो 'साखर संपली वाटतं' म्हणतो, त्या माणसाला एका खुर्चीची जागा बोटभरही न चुकता माहीत होती. तिरपी किती, तेही माहीत होतं. बाहीनं कपाळ पुसत ती सरळ झाली आणि तिला स्पष्ट कळलं, की आपण जळतोय. दुसरा एखादा बरा शब्द तिनं शोधून पाहिला. दमणूक म्हणून पाहिलं, पित्त म्हणून पाहिलं. पण पोटात कुणी ओलं फडकं पिळावं तसं जे होत होतं त्याला हा एकच शब्द होता. चौदा वर्षांपूर्वी वारलेल्या, नवऱ्याच्या पहिल्या बायकोवर पन्नाशीला टेकलेल्या बाईनं जळायचं, तेही नवऱ्याचा जिना बंद झालेला असताना आणि उद्या अकराला घर बघायला माणसं येणार असताना. कुणी ऐकलं असतं तर तोंडात बोटं घातली असती. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण लाजेनं जळणं काही थांबलं नाही.

नवरा बसखात्यात वेळापत्रकं आखायचा. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी, हे त्याच्या डोक्यात असायचं आणि बाकी काही नसायचं, असं ती कामाला होती त्या दुकानात कौतुकानं सांगायची. चार महिन्यांपूर्वी भर दुपारी जिन्याच्या तिसऱ्या वळणावर त्याचं हृदय बंद पडता पडता राहिलं. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं हळूहळू करा, जिने मात्र विसरा. घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दोन माणसांनी खुर्चीत बसवून त्याला वर आणलं, त्यानंतर तो तपासणीला दोनदा खाली गेला तेवढाच. एरवी खिडकीतून खालच्या बसगाड्या बघायचा आणि मिनिटं मोजायचा. नदीपलीकडं तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी पाहून ठेवल्या होत्या. मालकानं महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणून शब्द दिला होता. म्हणजे हे घर त्याआधी विकलं गेलं पाहिजे होतं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी घर विकून पाहिलेलं नसावं. पहिलं गिऱ्हाईक दारातच काहीतरी हुंगून गेलं. दुसऱ्या बाईनं सगळं घर पाहून विचारलं, "इथं बरीच माणसं राहतात का?" घरात माणसं दोन.

मग दलालबाई आल्या. अंगानं भरलेल्या, बोलायला फटकळ. पिशवीत स्वतःच्या घरात घालायच्या चपला घेऊन फिरायच्या. दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला बदलायच्या आणि लगेच मालकिणीसारख्या वागायच्या. दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी बघून त्यांनी हात झटकले. "ताई, राग मानू नका. घर विकायचं ना, मग आधी तुम्ही त्यातून निघा. म्हणजे राहा, पण दिसू नका. घेणाऱ्याला इथं स्वतःचा संसार दिसला पाहिजे. तुमचा दिसला की तो पळतो." नवं फर्निचर भाड्यानं आणून महिनाभर मांडणारे लोक असतात, हे त्यांनी सांगितलं आणि तिचा चेहरा पाहून लगेच गिळूनही टाकलं. मग रंगाचा एक डबा, दोन चांगले बल्ब आणि माणसं यायच्या आधी पाण्यात उकळायला दालचिनी, एवढ्यावर खर्च आटोपला. बाकीचं काम उणं करण्याचं होतं आणि उणं करायला पैसे पडत नाहीत. गॅस संपल्याच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडर काढा. फ्रिजवरचे लोहचुंबक काढा. प्लास्टिकच्या खणांचे मनोरे काढा. गॅलरीतल्या दोऱ्या, दारापुढची तीन पायपुसणी, टीव्हीवरचा रुमाल, नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवरचा दोघांचा फोटो. तिनं खोकी आणली आणि भरत गेली. बुधवारी तीन भरली, गुरुवारी पाच. आठव्या खोक्याला चिकटपट्टी लावताना तिच्या लक्षात आलं, की पसारा म्हणून जे जे निघालं ते सगळं आपणच आणलेलं होतं. नवऱ्याच्या फक्त गोळ्या निघाल्या होत्या.

घर उघडं पडलं तसं आणखीच केविलवाणं दिसायला लागलं. दलालबाई मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर वर गेली. "माळ्यावर काय आहे?"

"जुनं सामान."

"कुणाचं?"

"ह्यांचं," ती म्हणाली. खरं तर तिथं गप्प बसायचं. वरचं सगळं किडलंय म्हणायचं. पण दोन पैसे वाचतात म्हटल्यावर हिचा हात आपोआप पुढं होतो, ही हिची जुनी खोड. "बघा, काही चालत असेल तर," म्हणाली आणि आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. शिडी दलालबाईंनी धरली, वर ती चढली. चादरींत बांधलेली पाच गाठोडी, उलटी घातलेली खुर्ची, पुठ्ठ्यात गुंडाळलेला दिवा. डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली दुसरा एक, जुन्या पुस्तकासारखा. खाली गाठ सुटली तशा दलालबाई चक्क मांडी ठोकून बसल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताई, हे दडवून ठेवून तुम्ही प्लास्टिकमध्ये राहत होता?" नवरा दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं कशाला हात लावला नाही, पण लगेच परतही गेला नाही.

ही गाठोडी तिनं अकरा वर्षांत उघडली नव्हती आणि ह्याचा तिला अभिमान होता. पहिलीबद्दल एक अक्षर विचारायचं नाही, हे तिनं लग्नाआधीच ठरवलं होतं. मोठेपणा म्हणून नव्हे. विचारलं की उत्तर येतं म्हणून. सदतिसाव्या वर्षी लग्न झालं तोवर ती भावाच्या घरी बोळात झोपायची. बोळ म्हणजे दोन खोल्यांच्या मधली जागा. पलंगाला लागून कपाट आणि ते वहिनीचं. पहाटे वहिनी कपडे काढायला यायची तेव्हा हिनं पाय जवळ घ्यायचे. सतरा वर्षं तिनं पाय जवळ घेतले. वहिनी वाईट नव्हती, पण लग्न ठरल्यावर हसत हसत म्हणाली होती, "बरं आहे बाई तुझं, आयत्या बिळावर नागोबा." हे तिला फार लागलं. आणि म्हणूनच पहिल्या दिवशी ह्या घरात पाऊल टाकलं तेव्हा तिला रडू आलं होतं, कारण घर रिकामं होतं. दिवाण, टेबल, गॅस, दहा-बारा भांडी आणि तेरा वर्षांची एक अबोल मुलगी. भिंती कोऱ्या. खिडक्या उघड्या. तिला वाटलं, ह्या माणसाला घर लावता येत नाही, ह्याच्या बायकोलाही येत नसावं, आणि इथं आयतं काहीच नाही, सगळं मला करायचंय. पहिल्या पगारात तिनं प्लास्टिकचे खण आणले. दुसऱ्या महिन्यात तयार पडदे आणले, ते चार बोटं तोकडे पडले, पण पडदे होते. वहिनी घर बघायला आली तेव्हा हिनं एकेक खण ओढून दाखवला होता. आता गाठोड्यांकडं बघताना तिला कळत होतं, की तेव्हा घर रिकामं नव्हतं, रिकामं केलेलं होतं. एक माणूस कधीतरी एका सुट्टीच्या दिवशी एकटा शिडीवर चढला होता आणि त्यानं पाच गाठी मारल्या होत्या. हे त्यानं तिच्यासाठी केलं होतं, तिला अडचण वाटू नये म्हणून. हेही तिला कळत होतं, अगदी नीट कळत होतं. पण जळणाऱ्या माणसाला समजावून काय सांगणार. तिनं ते बाजूला ठेवलं आणि गाठी कशा घट्ट मारल्यात तेवढंच पाहत राहिली.

पडदे हळदीच्या रंगाचे होते, जाड. पहिली ग्रंथालयात पुस्तकं बांधायची, एवढं तिला लग्न जमवणाऱ्यांनी सांगितलं होतं. दिव्याची टोपी पुस्तकाच्या बांधणीच्या कापडाची होती, शिवण दिसत नव्हती. पडदे तिनं धुतले, वाळवले, इस्त्री केली, दांडीत ओवले आणि ते जमिनीपासून नखभर वर येऊन थांबले. तोकडे नाहीत, लोळत नाहीत. दुपारचं ऊन त्यांतून आत आलं आणि खोलीचा रंग बदलला. भिंतीचा ओलीचा डाग, ज्यावर तिनं रंगाचे दोन हात दिले होते आणि तरी तो सावलीसारखा दिसत होता, तो ह्या उजेडात दिसेनासाच झाला. खोली मोठी झाली. खरंच झाली. ती चष्म्याच्या दुकानात होती, नजर तपासायला मदत करायची; दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं सरकवत विचारायची, पहिलं बरं की दुसरं? लोक गोंधळायचे, पुन्हा दाखवा म्हणायचे. ती पुन्हा दाखवायची. हे तिच्या तोंडात इतकं बसलेलं होतं, की आज खोलीच्या मधोमध उभं राहून तिनं तेच मनात म्हटलं आणि मग ओठ घट्ट मिटले. तिला गोंधळ नव्हता. दिसत होतं. घर लावायला लागणारी ती जी काही गोष्ट असते ती पहिलीकडं होती आणि आपल्याकडं नाही, हे तिला स्वच्छ, चष्म्याशिवाय दिसत होतं.

शनिवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला, चेहरा दिसणारा. लेक चोवीस वर्षांची, दुसऱ्या शहरात नोकरीला, हिला मावशी म्हणायची. लहानपणी हिनंच तिच्या वेण्या घातल्या, तिच्या परीक्षांना चहा करून दिला, पहिल्या चष्म्याची फ्रेम दुकानातून स्वतः निवडून आणली. दोघींत कधी वाकडा शब्द आला नव्हता. "घर दाखव ना मावशी, कसं लावलंय," लेक म्हणाली. तिनं फोन फिरवला. खिडकी, खुर्ची, दिवा. पलीकडून आवाज येईना. फोन बिघडला असं वाटून तिनं तो स्वतःकडं वळवला, तर लेक रडत होती, तोंडावर हात ठेवून, लहान मुलीसारखी. "मावशी, खुर्चीवर जरा थांबव ना. तिथंच." ती थांबवून उभी राहिली. हात अवघडला तरी उभी राहिली. "मला वाटलं होतं बाबांनी सगळं देऊन टाकलं," लेक म्हणाली. ही म्हणाली, "नाही गं, सगळं नीट ठेवलंय." आपल्याच आवाजातली माया तिला ऐकू आली, ती खोटी नव्हती. आणि त्याच वेळी, त्याच घशाखाली तिला वाटलं, अकरा वर्षांत ही पोर माझी एखादी वस्तू बघून कधी रडेल का? प्लास्टिकचा खण बघून कोण रडतं?

रविवारी सकाळी नवरा लवकर उठला. कित्येक महिन्यांनी त्यानं न सांगता दाढी केली. घरातून तो हिंडत होता, आणि ते हिंडणं तिला बघवेना. टेबलाचा कोपरा चुकवायला तो आजवर धडपडायचा. आज टेबल पहिल्या जागी होतं आणि त्याच्या मांडीला काही लागत नव्हतं. हात न बघता दिव्याच्या बटणावर जात होता. जणू इतकी वर्षं तो परक्याच्या घरात जपून राहत होता आणि आज स्वतःच्या घरी परतला. तो आत गेला तशी तिनं खुर्ची उचलली आणि खळग्यांतून काढून हातभर भिंतीकडं ठेवली. सरळ, अजिबात तिरपी नाही. स्वयंपाकघरात जाऊन दालचिनीचं पाणी चढवलं. परत आली तर तो खुर्चीशेजारून जात होता, गुणगुणत, आणि जाता जाता त्यानं गुडघ्यानं खुर्ची ढकलली, थोडी, मग आणखी थोडी. ती खळग्यांत बसली. तो थांबला नव्हता, त्यानं खाली पाहिलंही नव्हतं. "चांगला वास येतोय," तो तिला म्हणाला. तिनं मान हलवली.

अकराला दलालबाईंबरोबर दोघं आली. बायको दातांची डॉक्टर, तिशीची, चटपटीत. तिचा नवरा मुका नसेल तर लाजाळू, भिंती बोटानं वाजवत फिरणारा. डॉक्टरीण दारातून आत आली आणि बोलता बोलता थांबली. दलालबाईंनी हिला हळूच चिमटा काढला. डॉक्टरीण खिडकीपाशी गेली, पडद्याची कड दोन बोटांत धरली, दिव्याच्या टोपीवरून हात फिरवला आणि कुणाला न विचारता खुर्चीत बसली. तिथून तिला काय काय दिसत होतं कोण जाणे; चेहऱ्यावरचा सगळा आठवडा उतरला. "काकू," ती म्हणाली, "तुमचा हात फार छान आहे हो. मी ह्या महिन्यात अकरा घरं पाहिली. सगळी दुकानं वाटतात. इथं कुणीतरी जीव लावून राहिलंय."

हिचा नवरा दिवाणावर होता. हिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "आवड आहे थोडी," ती म्हणाली. म्हणाली आणि कान तापले. सवतीची साडी नेसून मिरवावं तसं वाटलं, पण उतरवायला आता वेळ नव्हता. नवरा चष्मा पुसत राहिला. त्यानं खोटं उघडं पाडलं नाही ह्याचे आभार मानावेत, की त्याला त्यात खोटं दिसलंच नाही म्हणून रडावं, हे तिला ठरवता येईना. डॉक्टरीण मात्र खुर्चीतून उठेना. आपल्या नवऱ्याला म्हणाली, "मला हेच हवंय. असंच. दुसरं लावून बिघडवायचं नाही." मग दलालबाईंकडं वळली. "पडदे, दिवा, खुर्ची, ह्या सगळ्यासकट द्यायला तयार असतील तर मी आजच हो म्हणते. नाहीतर मग ते नदीकाठचं आहेच, लिफ्टवालं."

दलालबाईंचा चेहरा असा फुलला, की आता त्या चपला बदलून नाचतील असं वाटलं. "का नाही? काय हो काका?" नवऱ्यानं गुडघ्यावरचे हात पाहिले. मग शांतपणे म्हणाला, "घ्या की. आम्हाला कुठं न्यायचंय."

इतकं सोपं. तिच्या छातीवरचं काहीतरी धाडकन उतरलं. गेलं. गाठोडी गेली, खुर्ची गेली, घर विकलं, तो तळमजल्यावर राहील, सकाळी रस्त्यावर चार पावलं फिरेल आणि पहिली इथंच राहील. तिनं श्वास सोडला आणि सोडता सोडताच ते शेवटचे शब्द तिला ऐकू आले. इथंच राहील. रविवारी सकाळी हे ऊन असंच ह्या पडद्यांतून येईल. ही डॉक्टरीण त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसेल, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेल, की आम्ही काही बदललं नाही, आधीच्या बाईंनीच लावलंय. त्या खळग्यांतून खुर्ची आता कधी हलायची नाही. आणि जिनं अकरा वर्षं ही जमीन पुसली, तिचं कॅलेंडर, खण, दोऱ्या, फोटो आठ खोक्यांत भरून जिना उतरून जातील, जशी ती कधी इथं आलीच नव्हती. घरातून कोण निघालं आणि कोण राहिलं? दुनियेत असं कुठं असतं का, की मेलेलीनं घरात राहायचं आणि जितीनं बोळ गाठायचा? पाय जवळ घे, असं कुणीतरी म्हटल्यासारखं तिला वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

सगळे वळले. दलालबाईंनी तिच्या पावलावर पाऊल ठेवलं आणि दाबलं. "ताईंना म्हणायचंय की..."

"मला म्हणायचंय ते मी म्हणते. घर घ्या, आनंदानं घ्या. पडदे, दिवा, खुर्ची आमच्याबरोबर येणार. ते विकायचं नाही." आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. तिला ठाऊक होतं की आपण काय करतोय. महिनाअखेरीला नऊ दिवस होते, चौथं गिऱ्हाईक मिळेल न मिळेल, आणि समोर जो माणूस बसला होता त्याच्या छातीत किती जिने उरले होते हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी तिला मागं घेता येईना. डॉक्टरीण खुर्चीतून उठली, तिचा चेहरा थोडा पडला. "मग मला जरा विचार करावा लागेल," म्हणाली. तिचा तो मुका नवरा तेवढ्यात पहिल्यांदाच बोलला, "भिंती चांगल्या आहेत," आणि दोघं बाहेर पडली. दलालबाई चपला बदलताना कुजबुजल्या, "चिंध्यांसाठी? ताई, खरंच, चिंध्यांसाठी?" आणि त्यांच्यामागून धावल्या.

जिन्यातली पावलं खाली खाली गेली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आता तो बोलेल, आणि जे बोलेल ते बरोबरच असेल. अकरा वर्षांत त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला तर ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. पण तो रडत होता. आवाज न करता, चष्मा हातात धरून. "मी जिवावर दगड ठेवून घ्या म्हटलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला नकोसं होत असेल. कुठल्या बाईला आवडेल? म्हणून मी कधी... म्हणून तर वर टाकलं होतं सगळं. आणि तू एवढं घर पणाला लावून..." त्यानं हात पुढं केला. ती जवळ गेली. तो तिच्याकडं पाहत होता. सकाळी दाढी केलेल्या त्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे तिनं इतक्या वर्षांत सणसणून भूक लागल्यासारखं मनात हवं म्हटलं होतं आणि मागायला कधी धजली नव्हती. "फार मोठ्या मनाची आहेस तू," तो म्हणाला. सांगावं का? अहो, मन कसलं, मी तिला इथं राहू देणार नव्हते एवढंच. तोंडात सगळं वाक्य तयार होतं. तेवढ्यात फोन वाजला. खालून दलालबाई हाफत होत्या, "घेतायत. पडद्यांशिवाय. नवऱ्यानं समजावलं तिला. तुमचं नशीब थोर ताई, माझं मात्र रक्त आटलं."

तिनं त्याला सांगितलं. त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ तिचा हात सोडला नाही. ती उभीच होती. पाय दुखायला लागले तेव्हा जवळची खुर्ची पाहिली आणि बसली. वेत मऊ होता. "तिकडच्या खिडक्या लहान आहेत," ती म्हणाली. काहीतरी बोलायला हवं होतं. "पडदे कापावे लागतील."

"काप की," तो म्हणाला. "तिनंही कापलेलेच आहेत. ते आधी पडदे नव्हतेच." आणि मग त्यानं पहिलीचं नाव घेतलं, ह्या घरात, तिच्यासमोर, पहिल्यांदा. जरा अडखळत, मग सरळ. ग्रंथालयाचं जुनं सभागृह पाडलं तेव्हा तिथला रंगमंचाचा पडदा कचऱ्यात निघाला होता, आणि ती तो बसमधून घेऊन आली, एकटी, खांद्यावर, आणि वाहकानं पडद्याचं म्हणून अर्धं तिकीट जादा कापलं. तो वाहक पुढं त्याच्याच खात्यात... तो हसत होता. इतक्या महिन्यांत तो असा हसला नव्हता. आता हा थांबणार नाही, हे तिला कळलं. अकरा वर्षं बांधून ठेवलेलं सगळं आता येणार होतं, एकामागून एक, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, रोज, आणि दार तिनंच उघडून दिलं होतं. पोटातलं फडकं पुन्हा पिळलं गेलं. तिनं खुर्चीचे हात धरले.

"मग?" ती म्हणाली. "वाहक काय म्हणाला?"